रिकाम्या पोटी घेऊ नये

पहिल्या आठवड्यात एक, एक, एक.
दुसऱ्यात दोन, दोन, दोन.
तिसऱ्यापासून तीन, तिन्ही वेळा, जेवता जेवता,
रिकाम्या पोटी घेऊ नये.
ट्रोम्सोच्या डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं,
मग लिहून दिलं, मग पुन्हा सांगितलं,
जणू मी नातीच्या बाकावर बसलोय.

बरं करत नाही, म्हणाल्या. धीमं करतं.
कशानं झालं, मी विचारलं.
माहीत नाही, म्हणाल्या. आजाराच्या नावातच
'माहीत नाही' असं आहे, ग्रीक भाषेत.
एवढं शिकलेलं अज्ञान
मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पाठीला स्टेथोस्कोप लावून त्या बराच वेळ गप्प होत्या.
मग मलाही ऐकवलं:
मार्चमध्ये वरचा बर्फ कडक झाला की
त्यावरून बूट घालून कुणी जावं,
तसं काहीतरी, श्वासाच्या अगदी तळाशी.
करकर. करकर.
माणूस एकटाच असावा. घाईत नसावा.

चाळीस वर्षं मी कॉड टांगले,
शेपटीला शेपटी बांधून, लाकडी मांडवांवर.
मीठ लागत नाही. वारा पाणी नेतो.
मेअखेर मासा लाकूड होतो,
एकावर एक आपटला तर टणकन वाजतो.
त्यामुळे स्कॅनमधल्या पांढऱ्या रेघा
मला समजावून द्याव्या लागल्या नाहीत.
तोरब्योर्गला द्याव्या लागल्या.
ती म्हणाली, पण तो मासा आठवडाभर पाण्यात ठेवला
की मऊ होतो ना परत?
होतो, म्हणालो.
आणि कॉफी ओतायला उठलो.

कॉफीला आता नाण्यांची चव येते.
बाराव्या वर्षापासून समुद्रावर,
बारेंट्सच्या लाटा, डिसेंबरच्या,
कधी बोट लागली नाही मला.
आता लागते, स्वयंपाकघरात,
चार पायांच्या खुर्चीवर.

शेवटची सूचना होती, उन्हात जाऊ नका,
या औषधानं कातडी पोळते.
तारीख होती नोव्हेंबरची सत्तावीस.
वार्डोत सूर्य मावळून पाच दिवस झालेले,
दोन महिने तो येणार नव्हता.
कुठल्या उन्हात, म्हणून मी हसायला लागलो,
हसण्याचा खोकला झाला,
खोकल्यानं दुपार खाल्ली.
फार्मसीतल्या बिरेतनं तरीही एक ट्यूब दिली,
स्पेनला जाणारे नेतात तसली.
काळ्याकुट्ट खिडकीत ती उभी होती
साठ दिवस, न उघडता.

मग जानेवारीत एका दुपारी
किल्ल्यावरची तोफ वाजली. आख्खा गोळा दिसला.
शाळा सुटली. रान्वेग धावत आली, आजोबा, चल!
तोरब्योर्गनं माझं तोंड असं माखलं
की मी स्वतःचंच भूत वाटलो,
टोपी, हातमोजे, वर तिचा मफलर,
आणि त्या बेतानं मी होड्यांच्या शेडच्या भिंतीशी उभा राहिलो,
सावलीच्या रेषेच्या अलीकडे, चोरासारखा.

समोर सगळं गाव उघड्या तोंडानं तांबूस झालेलं.
बुटांच्या टोकापर्यंत आला तो.
मी पाय मागे घेतले नाहीत.

रान्वेगनं गोड पाव आणला, आत पिवळं क्रीम,
सूर्य येतो त्या दिवशी सगळे खातात तो.
मी अर्धा खाईपर्यंत ती थांबली,
मग मोज्यातून तीन गोळ्या काढल्या,
घामेजल्या, लोकर चिकटलेल्या.
आता पोटात काहीतरी आहे ना, म्हणाली.
मी गिळल्या. लोकरीसकट.

घर दोनशे पावलांवर.
दिव्याच्या खांबाशी थांबलो. मग डाकपेटीशी.
तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा तिनं
माझ्या कोटाची चेन खाली ओढली,
आत शिरून कान लावला.
आत कुणीतरी चालतंय, म्हणाली.
हो.
कुठं चाललाय?
कुठं नाही गं.
दम खातोय.