पातळी

डाउव्ह चाळीस वर्षं पंपघरात होता.
फ्रिसलंडची ही समुद्राच्याही खाली गेलेली रानं,
इथं पाणी आपणहून ओसरत नाही, उपसावं लागतं,
आणि उपसलेलं पुन्हा येतं.
हे त्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून बाउक्येच्या पोटातली नळी मी दाखवली
तेव्हा त्यानं एवढंच विचारलं: झडप कुठंय?

हात धू. घाई नको. हातमोजे.
टोपण काढ, टोक पूस,
बाटलीची नळी जोड, टक् ऐकू येऊ दे.
मग चिमटा, हळूच सैल.
लोखंडी चाकावर कधी न थरथरलेले हात
पहिल्या दिवशी थरथरले.

पाणी आलं. वाळल्या गवताच्या रंगाचं.
बाटली कोमट होती.
त्यानं ती दोन्ही हातांत धरली,
जरा जास्तच वेळ.

"अजून थोडं काढू या, हलकं वाटेल तिला."
मी म्हणते, ठरलंय तेवढंच.
तो मान डोलावतो.
कालवा एका रात्रीत उतरवला
तर बांध आतून चिरतो, हे तोच मला सांगतो.

पंपघराच्या जुन्या वहीत आता नवी पानं:
मंगळवार, दीड लिटर, स्वच्छ.
गुरुवार, दीड. शेवटी कळ आली, चिमटा आवळला.
शनिवार, सव्वा. लापशी खाल्ली, वाटीभर.
रविवारी पाणी काढलंच नाही, तरी नोंद आहे:
वाकली. बुटांची नाडी स्वतः बांधली.

नोव्हेंबरात एकदा गढूळ आलं.
रात्री पावणेदोनला फोन. "रंग बदललाय. अंगात ताप."
आवाज अगदी ड्युटीवरचा,
आणि मागून बाउक्ये: "उगाच त्या पोरीची झोप मोडू नकोस."

ते निभावलं.
काय निभावेल आणि काय नाही
हे इतक्या घरांतून हिंडूनही
मला आधी ओळखता येत नाही.

परवा तो अंगणात असताना तिनं विचारलं:
हे सगळं ओततो कुठं गं तो?
संडासात, मी म्हटलं.
मग गटार, मग कालवा, मग ह्याचाच पंप?
हसली. पोट धरून, ड्रेसिंग सांभाळून हसली.
"म्हणजे चाळीस वर्षं ह्यानं
गावाचं काय काय उपसलं असेल!"

डाउव्ह आत आला. काय झालं, म्हणाला.
आम्ही दोघी गप्प.
त्यानं घड्याळाकडे पाहिलं, बाह्या सारल्या
आणि हात धुवायला गेला.