सही जुळत नाही

सांतारेमला नोटरीकडे सदतिसावा नंबर माझा.
चौदा तास लाँचमध्ये झोळीत पडून आलो,
शर्टाला अजून डिझेलचा वास.

दोना ऑर्दालियाने कपाटातून जुनं कार्ड काढलं :
अठराव्या वर्षी दिलेली माझी नमुना सही.
काय ऐट होती तिची!
पहिलं अक्षर शिडासारखं फुगलेलं,
शेवटी एक वळसा,
गळाला लागलेल्या माशाने उसळी घ्यावी तसा.
तेव्हा दहाही बोटं होती.

आज संमतीपत्राखाली केली
ती लाकडाच्या गिरणीतून परत आलेली सही.

"जुळत नाही," ती चष्म्यावरून म्हणाली.
मी हात पुढे केला.
तिने हात पाहिला, कार्ड पाहिलं, पुन्हा हात.
"मला सही ओळखायचा अधिकार आहे, सेन्योर,
माणूस ओळखायचा नाही.
नवं कार्ड करू. पाच वेळा करा. सारखी."

सारखी म्हणे.
पहिली कलंडली.
दुसरी ओळ सोडून खाली गेली पाणी प्यायला.
तिसरीच्या मध्येच पेन थांबलं,
कारण पलीकडच्या बाकावर जुसारा
पोरीचे फोटो पंख्याने उडू नयेत म्हणून
पर्सखाली दाबून बसली होती,
आणि तीन वर्षांत आम्ही बोललो ते एवढंच :
निळं पेन की काळं?
निळं.

चौथी, पाचवी कशीबशी.

मायारा माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली.
वाया गेलेला कागद उलटा करून
तिनेही माझी सही काढली, जीभ दातांत धरून,
तुटक, वाकडी, जिथे अंगठा अडतो तिथे अडून.
दोनाने ती दुरून पाहिली
आणि काही बोलली नाही.

देश : पोर्तुगाल.
सोबत : आई.
मुदत : कोरी सोडलीत तर दोन वर्षं धरतात.
मला वाटायचं, कोरं सोडलं की कोरंच राहतं.

मग तळाला, बारीक अक्षरांत, दोन चौकटी :
परदेशी कायम वास्तव्यास परवानगी
आहे.
नाही.
"एकीत फुली मारा."
म्हणजे होकार द्यायचा तरी फुलीच.

किती वेळ गेला माहीत नाही.
अडतिसावा नंबर मागे खाकरला.
बाहेर कुणी बर्फात मासे भरत होतं,
फावड्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र.

मी फुली मारली.
कुठल्या चौकटीत, ते जुसाराने उलट्या बाजूने वाचलं
आणि फोटोंवरची पर्स उचलली.
एक फोटो उडाला. तो मी पकडला,
तीन बोटांनी.
"ठेव," ती म्हणाली. "चारच लागतात."

दोनाने शिक्का ठोकला, पावती फाडली :
"शाई ओली आहे. लगेच घडी घालू नका."

नाही घालत.
लाँच सातला सुटते.