शेवटचे चार टक्के

तुर्भ्याच्या मंडईतून रात्री दहाला टेम्पो येतो:
काळवंडलेली केळी, अननसाची सालं,
रसवंतीवाल्यांनी टाकलेली चिपाडं,
कधी चुकून एखादं शाबूत कलिंगड,
जे आम्ही कापून खातो, नोंद न करता.

बाकी सगळं टाकीत.
चार दिवस यीस्ट बोलत राहतं, भात रटरटतो तसं,
पाचव्या दिवशी गप्प होतं.
गप्प झालं की माझं काम सुरू.

रबाळे एमआयडीसी, रात्रपाळी, कॉलम क्रमांक दोन.
बत्तीस चाळण्या एकीवर एक.
प्रत्येकीवर वाफ जरा थांबते,
पाणी खाली सोडते, उरलेली वर चढते.
माझी नजर माथ्यावरच्या काट्यावर: अठ्ठ्याहत्तर.
एकोणऐंशी झाला की समजायचं, पाणी घुसलं.
रिफ्लक्स वाढवायचा,
हाती आलेलं निम्म्याहून जास्त परत खाली सोडायचं,
पुन्हा चढून ये म्हणायचं.
सय्यदभाईंना हे कधी पटलं नाही.
"मिळालेलं परत कोण देतं?" बॉयलरजवळून विचारतात.

गोमीआत्या द्यायची.
गोठिवलीच्या खाडीत, तिवरांच्या आड,
पत्र्याचा डबा, वर मडकं, मडक्याला बांबूची नळी,
सांध्याला कणकेचा लेप.
पहिली वाटी ती चिखलात ओतायची. खाडीदेवाची.
गिऱ्हाईक हात पुढे करून उभं, पहिल्या धारेची दे म्हणून;
ती दुसरी धार पहिली म्हणून द्यायची
आणि पैसे पहिलीचे घ्यायची.

कॉलेजात त्या वाटीचं नाव कळलं: मिथेनॉल.
धावत येऊन सांगितलं.
ती म्हणाली, "आसंल. देवाला सोसतं."

धाड पडली तेव्हा शिपायानं आधी मडकं फोडलं, मग नाव विचारलं.
आता तेच खातं दर महिन्याला माझ्याकडे येतं.
तांबोळे साहेब सील बघतात, बिनसाखरेचा चहा घेतात,
मला मॅडम म्हणतात.

खंडेनवमीला घरच्यांना आत सोडतात.
आत्या आली, झेंडूची माळ हातात तशीच,
मान मागे टाकून कॉलमचा माथा शोधत राहिली.
नाक वर केलं. "केली हाय."
मग विचारलं, किती उतरते?
शहाण्णव.
"शंभर कनाला नाय?"

मी सांगू लागले: तिथवर आलं की दोघं एकमेकांना सोडत नाहीत,
पातळात जेवढं पाणी तेवढंच वाफेतही,
चाळण्या हजार लावा, आच कितीही द्या.
पुढे मग हे दाणे लागतात, साबुदाण्याएवढे,
भोकं इतकी बारीक की पाणी तेवढं आत शिरतं,
दारू बाहेरच राहते.
तिनं एक दाणा उचलला
आणि मी नको म्हणेपर्यंत जिभेवर ठेवला.
"तापला गो!"
थुंकला. पण पदराला पुसून ठेवून दिला, कशाला कोण जाणे.

जाताना फाटकाशी टँकर उभा होता.
"ही कोन पिनार?"
गाड्या, आत्या. पेट्रोलात मिसळून.
ती बराच वेळ हसत राहिली.
"बरा हाय. गारी उधारी ठेवीत नाय."

तिच्या वहीत अजून एकवीस नावं आहेत.
सतरा जण वर गेले.
उरलेल्यांपैकी एक रोज सकाळी
आमच्याच फाटकावरून चालायला जातो, मान खाली घालून.

पावणेचार. काटा हलला. एकोणऐंशी.
मी थोडं परत सोडते.