तेवीस स्क्रू

रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात
पोपटांचे पिंजरे आणि गंजलेले नळ यांच्या मधल्या चादरीवर
वाल्तेर मांडून बसतो बुडालेल्या बँकेचे लॅपटॉप.
किलोवर घेतलेले, नगावर विकायचे.
मला बघून भाव वाढवतो. वाढवू दे.
अख्ख्या मोन्तेविदेओत असलं ओझं हौसेनं घरी नेणारी
मी एकटीच, एलिदा बेन्तांकोर,
वय एकोणसत्तर, गुडघ्यांची वॉरंटी संपलेली.

घरी आल्यावर आधी झाकण.
एका बोटानं उघडतं का, सोडलं तिथंच थांबतं का.
बिजागरी पोलादाची, अजून हट्टी;
ती जिथं रोवली ते प्लास्टिक मात्र
सादळलेल्या बिस्किटासारखं.
(माझ्या लग्नाबद्दल आई हेच म्हणायची,
वेगळ्या शब्दांत.)

पण कळा! काय कळा होत्या.
खोल जातात, तळाला टेकतात,
आणि टेकलो म्हणून बोटाला कळवतात.
मधोमध लाल ठिपका, मसुराएवढा,
तेवढ्यावर बाण सगळा पडदा हिंडायचा.
वरच्या कडेला काजव्याएवढा दिवा,
त्या उजेडात मी एकदा सुईत दोरा ओवलाय.

झाकणावरचा रबरी थर तेव्हा मखमल असणार.
नदीच्या दमट हवेत त्याचा गूळ झाला.
स्पिरिट लावून दोन संध्याकाळी घासला,
नखं अजून काळी आहेत.

मनगट टेकायच्या जागी
उजवीकडे तुळतुळीत झीज,
डावीकडे नव्यासारखं खरखरीत.
म्हणजे डाव्या हातात दिवसभर
येर्बाच्या चहाचा भोपळा.
कळांखाली, सांडलेलं वाहून जावं म्हणून, एक भोक ठेवलंय;
त्यात येर्बाचं वाळकं पान सापडलं.
येर्बा कधी न चाखलेल्या कुणीतरी
हजारो मैलांवर बसून
या माणसाच्या धांदरटपणासाठी मोरी काढून ठेवली होती.

आणि त्याच शहाण्यांनी हे केलं:
मेमरी बदलायला एक स्क्रू, पोटाखालचा.
घड्याळाचा सेल बदलायला तेवीस.
स्मरण हाताशी, काळ तळाशी,
असं कुणी ठरवलं?
ठरवलं नसेल. जागा उरली नसेल.

सेल मेलेला, म्हणून चालू केलं की रोज
तीच जुनी एक जानेवारी.
तारीख चुकीची आहे, म्हणतो,
पुढे जायचं तर कळ दाबा.
त्या साली बँक उघडी होती,
तिसऱ्या मजल्यावर मी हीच यंत्रं दुरुस्त करायचे.
आतल्या पत्र्यावर माझी पेन्सिलीची खूण शोधली.
नाही.
दुसऱ्याच कुणाची आहे, एक गोल, त्यात टिंब.

नवा सेल टेबलावर.
बावीस स्क्रू बशीत.
तेविसाव्याचं डोकं झिजलेलं,
पेचकस नुसता गरगरतो,
फिरकी घेतोय माझी.
पाणी तापलंय.
एक घोट घेते आधी,
डाव्या हातानं.