सुरूचे टेकू

खेतवाडीत मागच्या गल्लीतल्या इमारतीला
मी एकोणीस टेकू लावलेत. सगळे सुरूचे,
दारूखान्यातून हातगाडीवर आणलेले.
बोर्डाचे साहेब म्हणाले, लोखंडी लाव, चारी,
लोखंड टिकतं.
टिकतं. पण मुकं असतं.

खालून मेट्रोचं भुयार जायचं होतं,
म्हणून तडे मोजायला एक जपानी इंजिनीअर यायचे, हिराओका.
भिंतीवर काचेच्या पट्ट्या चिकटवायचे,
वहीत मिलिमीटर लिहायचे.
एकदा जिन्याखाली थांबले, हेल्मेट काढलं,
माझ्या टेकूला कान लावला
आणि उलट्या बोटाने टकटक करत गेले,
खालून वर.

मोडक्या हिंदीत कळलं ते एवढं:
आजोबा कोळशाच्या खाणीत होते, क्यूशूला.
कोळसा मात्र कधी खणला नाही.
पाळी सुटून माणसं वर आली की हे खाली उतरायचे,
कुऱ्हाड, करवत, खांद्यावर पाइनचा ओंडका.
वाकलेल्या खांबाला हात लावण्याआधी
शेजारी नवा उभा करायचा,
डोक्यावर पाचर ठोकायची,
भार घेतोय का बघायचं,
मगच जुन्याला सोडवायचं.
म्हटलं, आमच्यातही हेच.
बापाने थोबाडीत देऊन शिकवलंय.

पाइनच का? तर तो मोडण्याआधी सांगतो.
आधी बारीक, सुपात तांदूळ सरकावे तसं,
मग बोटं मोडल्यासारखं.
मग पळायचं.

आणि मजुरी? हे मी विचारतोच.
कोळशाच्या गाड्या मोजायचे, म्हणाले.
आजोबांचं काय मोजणार?
जे पडलं नाही
ते कुठल्या काट्यावर घालणार?
माझं मार्चचं बिल बोर्डात अडकलंय.
शेरा आहे: काम दिसून येत नाही.

मशीन खालून गेली त्या रात्री
बिऱ्हाडं शाळेत हलवली होती.
आम्ही दोघंच, दुसऱ्या मजल्याची गॅलरी, दिवे बंद.
कुणाचा तरी पोपट तेवढा राहिला होता.
तीनच्या सुमाराला
काचेच्या पट्ट्या गप्प, बोर्डाचे दोन लोखंडी जॅक गप्प,
आणि कवळेबाईंच्या दारातला सातवा टेकू
म्हणाला: किर्र.
हिराओकांनी माझं मनगट धरलं.
आम्ही थांबलो.
दुसरा आवाज आला नाही.
पोपटाने पंख झाडले तेवढेच.

सकाळी तो बदलला.
बुंध्याला वीतभर कुजला होता.
वर पेन्सिलच्या रेघा, तारखांसकट,
बाईंच्या मुलाची उंची, तेराव्या वर्षापर्यंत.
तो आता नालासोपाऱ्याला असतो.
बाई म्हणाल्या, चारी, हा जाळायला देऊ नका.
कुजका भाग तेवढा कापला.
उरलेला त्यांच्या दारात आडवा आहे, बसायला.
कुणी जडसर बसलं तर कुरकुरतो.

नव्यावर मी खडूने लिहिलंय
खिळा मारू नये.
काल पाहिलं,
त्यावर कॅलेंडर लटकतंय.