दहा आकडी

परभणीच्या प्रशिक्षणात तीन दिवस
पडद्यावर एकच तक्ता उघडा होता.
रकाना रिकामा राहिला की लाल व्हायचा.
सर म्हणाले, लाल दिसता कामा नये.
मी वहीत उतरवून घेतलं: लाल नको.
वय सत्तेचाळीस. माउस असा धरायचे,
जणू सोडला तर पळेल.

गंगाखेडला परत आले. खोली नंबर नऊ.
दाराला हिरवा पडदा, आत मी, संगणक,
आणि स्टुलाच्या कडेवर बसणाऱ्या बाया.
पूर्ण स्टुलावर इथं कुणीच बसत नाही.
वय. गाव. त्रास कधीपासून.
जोडीदाराला आणता येईल का.
इथवर सगळं निघतं, तोंडात पदर धरून का होईना.
मग मोबाईल क्रमांक. दहा आकडी. अनिवार्य.

"फोन दिराजवळ असतो, माय."
"एकच हाय घरात, पोरगं गेम खेळतं त्याच्यावर."
"नंबर कामून पाहिजे? मी येते की चालत."

मी लाल पुसायला शिकले होते.
भरला एकीचा नंबर, दिराचाच.
चौदाव्या दिवशी यंत्राने आपलं काम केलं:
आपली पुढील तपासणी उद्या आहे.
ती उद्याला आली नाही. परवाला नाही.
महिनाअखेर अहवालात दिसली,
"संपर्क तुटला" या शब्दांखाली, एक.
बेरीज बरोबर जुळली होती.

तिचं नाव मी इथेही लिहीत नाही.

कपाटात खतीब सिस्टरांची जुनी रजिस्टरं आहेत,
कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घातलेली.
काही नावांपुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका.
त्या निवृत्त झाल्यात, फोन करून विचारलं.
हसल्या. "जिच्या घरी चिठ्ठी धाडायची नाही, तिला ठिपका.
बाजारच्या दिवशी गाठायचे मी, भाजी घेता घेता."
तक्त्यात ठिपक्याला जागा नव्हती.
राजरत्नने, आमच्या ऑपरेटरने, सगळं धुंडाळलं.

मग मी माझाच नंबर भरू लागले.

आता रात्री साडेनऊला फोन थरथरतो,
एका मागून एक, कधी अकरा वेळा.
परवा भाकरी थापत होते. ह्यांनी वाचलं.
वाचून फोन पालथा ठेवला.
"तुला कसली तपासणी?"
पिठाचे हात. तापलेला तवा.
सांगितलं मी, समजलंही त्यांना.
पण सांगायच्या आधी, एका श्वासापुरती,
मी स्टुलाच्या कडेवर बसून आले.

जिल्ह्यावरून मेल आला:
अकरा रुग्णांना एकच क्रमांक. चूक दुरुस्त करावी.
राजरत्न म्हणाला, मॅडम, बोला तुम्ही, मी टाइप करतो.
नको म्हटलं. एका बोटाने लिहिलं,
जोडाक्षरांशी झटत, दुपारभर:
चूक नाही. एक रकाना वाढवून मिळावा.
संदेश पाठवायचा का. हो किंवा नाही.
तिला विचारून भरायचा.

उत्तर अजून नाही.
तोवर पिशवी घेऊन बाजारात जाते.
मेथीच्या ढिगापलीकडून एक नजर वर येते, खाली जाते.
मी जुडी निवडत म्हणते,
आज नको गं, बुधवारी ये, ताजी मिळेल.
ती म्हणते, हाव.
भाजीवाली मान वर करून बघते,
"बुधवारी कुठं असतो बाजार, बाई?"