रीळ चार

डबा उघडला तेव्हा आधी वास आला,
बिघडलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा,
आंबूस, थेट टाळूत चढणारा.
फिल्म मरायला लागली की असाच वास येतो,
हे मला पेसूमलनी शिकवलं.
ते मास्तर नव्हते, लॅबचे शिपाई होते.

डब्यावरचं नाव गंजानं खाल्लंय.
‘…ची हवेली’ एवढंच उरलंय.
कुणाची, ते गंजाला ठाऊक.

महालक्ष्मीला, दुसऱ्या मजल्यावर,
बिनखिडकीच्या गार खोलीत
मी दिवसाला चारशे फ्रेम निवडते,
तांदूळ निवडावेत तशा.
उभ्या रेघा काढते, बुरशी काढते,
सत्तर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी बाहीवरचा केस काढते.
मेणबत्ती धरून जिना उतरणाऱ्या बाईच्या गालावर
एक खळगा आहे.
फिल्मचा असेल तर बुजवायचा,
तिचा असेल तर ठेवायचा.
दोन दिवस नुसती बघत होते.
देवीचा व्रण निघाला.
ठेवला.

भुताचं मला काही वाटत नाही.
भूत म्हणजे एकाच फिल्मवर
दोनदा पाडलेला उजेड.
हवेली म्हणजे परळच्या स्टुडिओतलं प्लायवूड,
वर चुना, कोळ्याची जाळी म्हणून खळ लावलेला कापूस.
आता इतकं लख्ख झालंय सगळं
की भिंतीतला खिळासुद्धा दिसतो.

आणि मग रीळ चार.
वारा नाही, माणूस नाही,
दार आपोआप उघडतं.
म्हणे इथे बाल्कनीतून किंकाळ्या यायच्या.
मी उजेड थोडा वर नेला,
आणि फळीच्या कडेला बोटं.
तीन पूर्ण, एक अर्धं.
अकरा फ्रेम, मग अंधार.

अंधेरीहून फोन आला:
‘डिस्कवर हात नको, मॅडम. लोक हसतील.’

त्याच आठवड्यात चिंबईहून ब्रिजितबाई आल्या,
पुस्तिकेत छापायला सेटवरचा एक फोटो घेऊन.
वडील लाइटमन होते, एवढंच सांगितलं.
चहा येईपर्यंत बसल्या माझ्या मागच्या स्टुलावर.
दार पडद्यावर थांबलेलं होतं.
‘यो पप्पाचा हात,’ म्हणाल्या.
मी वळले.
‘बोट बर्फाच्या मशीनमधी गेलेलं, ससून डॉकला,
लाइटीच्या कामाला लागायच्या आधी.
जरा मागं घे.’

घेतलं.
दार मिटलं. उघडलं.
‘आणखी एकदा.’
चहावर साय धरली.
रडल्या वगैरे नाहीत.
पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या,
दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तशा.
‘घरी सांगायचा, दार मीच उघडलं.
आम्ही म्हणायचो, काय थापा मारतोस.
मम्मी तर शेवटपर्यंत हसली.’

जाताना फोटो विसरल्या.
फोटोत सगळे आहेत,
बाई, भूत, दिग्दर्शक, खुर्चीवर कुणाचा तरी कुत्रा.
तो नाही. तो दिव्यामागे असणार.

रात्री हात पुसायला बसले.
हात काढला की तिथे भोक पडतं,
ते बुजवायला लाकूड लागतं,
ते मागच्या-पुढच्या फ्रेममधून उसनं आणतात.
बोट काढा, फळी लावा.
बोट काढा, फळी लावा.
अर्धं बोट सगळ्यात अवघड गेलं,
कारण ते मुळातच थोडं होतं.

दहा झाल्या.
अकरावीशी आले तेव्हा एसीचा आवाज बंद झाला होता,
की मलाच ऐकू येईना, माहीत नाही.
सेकंदाचा चोविसावा भाग.
डोळा तेवढ्यात काही पकडत नाही.

कधी तरी, मालाडच्या नाही तर मुलुंडच्या घरात,
कुणी दिवे घालवून डिस्क लावेल,
आणि नेमक्या त्या दारापाशी
त्याच्या हातातला चिवडा थांबेल.
का, ते त्याला सांगता येणार नाही.

बिलात मी लिहिलं:
हात काढणे, फ्रेम अकरा.